दहाव्या मात्रेवरची सम

डॉक्टरीणबाईंनी मला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं, तेव्हा चैत्र सरत आला होता आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागात तापल्या वाऱ्याची लू सुटायला लागली होती. आदल्या वर्षी माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला जरा अंगावर गेलं तशी बाईंनी घरच्यांना समोर उभं करून सांगितलं की हिने कूस बदलायची तीसुद्धा सावकाश. पायऱ्या, ओणवं होणं, रडणं, सगळं बंद. रडणं बंद कसं करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

माझे यजमान फौजेत बिनतारी यंत्रावर होते. दसऱ्याच्या सुमाराला रजेवर आले, दिवाळी करून गेले, आणि मग त्यांची तुकडी समुद्रापार गेली. इजिप्तच्या बाजूला आहेत एवढं कळलं होतं. माघापासून तेही कळेनासं झालं. लढाई इटलीत शिरल्याचं मामंजी वर्तमानपत्रात वाचत, पण आम्हाला वाचून दाखवत नसत. घडी घालून वर्तमानपत्र मांडीखाली ठेवत आणि माधवगंजात आज भाजी काय भावाने मिळाली ते सासूबाईंना विचारत. त्या सांगत. दोघांचंही लक्ष गल्लीत सायकलची घंटी वाजते का याकडे असे. पोस्टमन सायकलवरून यायचा.

मामंजी रियासतीच्या शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ते बारा-पंधरा वर्षं गाणं शिकले होते. पेशा केला नाही, पण गाणं सुटलंही नव्हतं. ग्वाल्हेरीत गाणं ऐकणाऱ्यालाही एक दरारा असतो, तो त्यांना होता. गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे चारदोन जुनी मंडळी जमत. मुलाची खबर येईनाशी झाल्यापासून ते गुरुवार बंद होते आणि दोन्ही तंबोरे गवसणीत घालून कोपऱ्यात उभे केले होते. कोणी विचारलं तर सूनबाईला आराम हवा, एवढंच म्हणत.

मला सांभाळायला दिवसा एक नर्स ठेवली. गोव्याची, चाळिशीच्या आसपासची, उंच, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा झगा. बरीच वर्षं इस्पितळात काढून आता घरोघरी जात असे. आम्ही तिला सिस्टर म्हणत असू. ती किरिस्ताव, तेव्हा सासूबाईंनी तिचा कप वेगळा ठेवला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचाच कप पिशवीतून घेऊन आली आणि तो खिडकीत ठेवला. सासूबाईंना ते लागलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी तिला चहाबरोबर चिवडाही दिला.

माझी खोली पुढची, गल्लीकडची. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर सासूबाई पाणी मारत. दिवसभर मी आढ्याकडे बघत पडून राहायची. पोटात हललं की भीती वाटायची की हे बरोबर हललं का, आणि हललं नाही की त्याहून भीती वाटायची. सिस्टर मनगट धरून बसायची, छातीवर लावलेल्या घड्याळाकडे बघायची आणि मान हलवायची.

एक दिवस ती म्हणाली, "बाय, तुझी नाडी पळते. औषधानं ती धरता येणार नाही. तुझं मन एका जागी बसायला पाहिजे."

मी म्हटलं, मन बसवायचं कुठे?

 संध्याकाळी जाताना ती मामंजींच्या समोर उभी राहिली आणि घरी ग्रामोफोन आहे, तो उद्या आणला तर चालेल का, असं विचारलं. मामंजींना वाटलं भजनं असतील, नाहीतर नाटकातली पदं. आवाज बेताचा ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टांग्यातून एक काळी पेटी घेऊन आली. किल्ली फिरवली, तबकडी ठेवली, सुई टेकवली. आधी खरखर. मग जे सुरू झालं ते ऐकून मी घाबरले, असंच सांगते. सतारीची तार छेडतात तसं ते नव्हतं. कोणीतरी सगळ्या तारांवरून एकदम बोटं उधळल्यासारखा आवाज, मग लाकडावर टकटक, मग एक सूर वरून खाली कोसळत यायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की माझं काळीजही थांबायचं. तेवढ्यात मागून कुणी पुरुष काहीतरी ओरडला. मला वाटलं तिथे कोणाला काही झालं.

मी सिस्टरला बंद करा म्हटलं. तिने सुई उचलली, तबकडी पुसली, आणि माझी नाडी पाहिली. ती आणखीच पळत होती. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ही पेटी परत नेईल. तिने ती पलंगाखाली सरकवली.

तिथून पुढे रोज दुपारी, सासूबाई पडल्या की, ती मला विचारायची, लावू? पहिल्यांदा मी नको म्हटलं. पण नको म्हटल्यावर जी शांतता पसरायची तिच्यात गल्लीतली प्रत्येक सायकल ऐकू यायची. शेवटी मीच लाव म्हटलं.

तिने मला ऐकायला शिकवलं, ते असं. चाल शोधू नकोस, म्हणाली. आधी फक्त अंगठा ऐक. या वाद्याला सहा तारा, त्याला गिटार म्हणतात. वरच्या जाड तारांवर अंगठा चालतो, तो जमीन आहे. बाकीची बोटं काय करतात त्याकडे आज बघायचं नाही. मी दोनतीन दुपारी नुसता अंगठा ऐकला. सुरुवातीला तो गर्दीत हरवायचा, मग सापडायला लागला, आणि एकदा सापडल्यावर तो सोडून दुसरं काही ऐकूच येईना. मग तिने बोटांकडे वळवलं. माझ्या चादरीवर आपला हात ठेवून करंगळीपासून एकेक बोट पंख्यासारखं उघडून दाखवलं, आणि त्या उधळलेल्या आवाजाचं कोडं सुटलं. टकटक म्हणजे नखाने लाकडावर मारलेला ठोका. आणि तो ओरडणारा माणूस?

"तो खूश झाला," सिस्टर म्हणाली. "आपले लोक वाहवा करतात, तसा."

मला हसू आलं. किती तरी दिवसांनी आलं होतं, म्हणून लगेच भीतीही वाटली की हसण्याने काही होणार तर नाही.

तबकड्या तिच्या नवऱ्याच्या होत्या. तो मोठ्या प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचा. गोऱ्या साहेबांना नाचायला लागतं ते सगळं त्याला येत होतं, पण जीव होता तो या स्पॅनिश वाजवण्यावर. त्याला फ्लामेंको म्हणतात. मालागाच्या बंदरात बोट लागली की तो उतरून एका दारूच्या दुकानाबाहेर उभा राहायचा. आत एक जिप्सी म्हातारा वाजवत असे. पुढे मार्सेलला त्याने या तबकड्या घेतल्या आणि घरी आणून ठेवल्या, बोटीवर फुटतील म्हणून. लढाई लागल्यावर बोट फौजेकडे गेली, बँड मोडला. तो त्याच बोटीवर कोठारात कामाला राहिला.

मी विचारलं, आता कुठे आहेत?

"नाताळच्या आधी केपटाऊनला होता," ती म्हणाली, आणि किल्ली फिरवायला लागली.

म्हणजे तिलाही कळत नव्हतं. इतके दिवस माझं मनगट धरून बसलेल्या या बाईला मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर सायकलची घंटी वाजली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. तिचं टपाल इस्पितळाच्या पत्त्यावर येत असे, आमच्या गल्लीत नाही, तरी तीही ऐकत असायची.

असं चाललं असताना एका दुपारी मामंजी दाराशी येऊन उभे राहिले. मी पदर सारखा केला. ते आत आले नाहीत, दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. तबकडी संपली.

"सिस्टरबाई, ही तर भैरवी आहे," ते म्हणाले. "गांधार दोन्ही लागतात, पण अंग भैरवीचंच."

सिस्टरला भैरवी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या आणि त्यांना ते चांगलंच ठाऊक होतं. भैरवी मैफल संपताना गातात. भैरवी झाली की तंबोरे उतरवतात, माणसं उठतात. जिच्या पोटात जीव आहे आणि जिचा नवरा लढाईवर आहे तिच्या उशाशी रोज दुपारी भैरवी लावायची?  स्वयंपाकघरात त्या मामंजींना बोलल्या, तेही हळू, पण आमच्या घरात हळू बोललेलंच जास्त ऐकू येत असे. तुम्हाला इतकं गाणं समजतं आणि एवढं समजलं नाही का, असं त्या विचारत होत्या.

मामंजी म्हणाले, त्या परक्या लोकांना काय माहीत भैरवी कशाला म्हणतात. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. संध्याकाळी त्यांनी सिस्टरला काही दिवस पेटी बंद ठेवायला सांगितलं.

पेटी पलंगाखालीच राहिली. मला सारखी जाणवायची. माझाच जीव आता दोन बाजूंनी ओढला जात होता. सासूबाई म्हणतात ते खरं असेल तर मी इतक्या दुपारी आपल्याच हाताने काय बोलावून घेतलं, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. आणि त्याच वेळी तो अंगठा आठवायचा. मी मनात तो चालवून बघायची. चार पावलं चालायचा आणि पुढचं आठवायचं नाही. एका सकाळी पुन्हा अंगावर गेलं. थोडंच, पण डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं. त्यांनी तपासलं, पलंगाचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवायला लावले, आणि सिस्टरला बाहेर नेऊन विचारलं की मधल्या काळात ही बरी होती, आता काय बदललं? सिस्टरने पेटी बंद झाल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई मराठी नव्हत्या, त्यांना भैरवीचं काही सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या मामंजींना हिंदीत एवढंच म्हणाल्या की जो चीज इसे चैन देती है, वो बंद मत कीजिए.

दुसऱ्या दिवशी मामंजी आपली खुर्ची घेऊन माझ्या खोलीत आले. अशी पद्धत आमच्यात नव्हती. सासऱ्यांनी सुनेच्या खोलीत येऊन बसायचं म्हणजे मोठीच गोष्ट. खुर्ची त्यांनी भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ येईल अशी ठेवली आणि सिस्टरला म्हणाले, "लावा. मला याचा ताल बघायचा आहे."

त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि मात्रा मोजायला लागले. तबकडी संपली, पुन्हा लावा म्हणाले. तिसऱ्या वेळी म्हणाले की बारा मात्रा आहेत, एकताल म्हणायला हरकत नाही, पण समेला हा माणूस येतच नाही. मी एकावर वाट बघत बसतो आणि हा आधीच कुठेतरी पोचून मोकळा झालेला असतो. ते खरंच वैतागले होते. सिस्टर म्हणाली, एकावर नाही, दहावर. तिच्या नवऱ्याने तिला तसंच शिकवलं होतं. तिने सुई टेकवली आणि खाटेच्या दांड्यावर बोटाने वाजवत मोजायला लागली. तीनवर जोर, सहावर जोर, मग आठवर, आणि मग "णव, धा."

ती कोकणीत मोजत होती. मामंजींची पाठ एकदम ताठ झाली.

"काय म्हणालात? दहाला काय म्हणता तुम्ही?"

"धा."

तबल्यावर बहुतेक समेला पडतो तोच हा बोल. मग त्यांनी स्वतः हाताने मोजलं, आणि दहाव्या मात्रेला, जिथे गिटारचा सूर कोमल रिषभावरून षड्जावर येऊन टेकतो तिथे, मांडीवर थाप मारली. बरोबर पडली. पुन्हा लावा म्हणाले, आणि त्या आवर्तनात त्यांची थाप पुन्हा बरोबर पडली. मी आडवी पडल्या पडल्या तर्जनीने चादरीवर तेच करत होते.

त्यानंतर ते बहुतेक दुपारी यायला लागले. सासूबाई दारापर्यंत येत, आत येत नसत. पण एकदा त्यांनी तिथूनच विचारलं की संपताना तो माणूस इतका झटक्यात का थांबतो, जरा सांगून तरी थांबावं. म्हणजे त्या ऐकत होत्या. भीती गेली होती असं नाही. मामंजी ऐकता ऐकता मध्येच मान वळवून गल्लीकडे कान द्यायचे, आणि तेवढ्यात मात्रा चुकायचे.

ज्येष्ठ लागला तशी एका सकाळी आमच्या दाराशी एक अनोळखी माणूस आला. सुकलेला, काळासावळा, अंगावर ढगळ कोट, हातात टोपी. इस्पितळात विचारत विचारत इथवर पोचला होता. सिस्टर इथे काम करते का, असं त्याने मोडक्या हिंदीत विचारलं. मामंजींनी त्याला आत बसवलं. तो ओसरीवर बसला आणि खिडकीच्या पडद्यातून मला त्याची नुसती आकृती दिसत होती. सिस्टर हात पुसत बाहेर गेली. तिने त्याला ओळखलं. तिच्या नवऱ्याच्याच बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा, आणि बँड मोडल्यावर त्याच बोटीवर राहिला होता; दिल्लीला नातलगांकडे निघाला होता, वाटेत मुद्दाम उतरला होता.

ते कोकणीत बोलले. मला सगळं कळलं नाही, पण शब्द जवळचे आहेत, जे कळायचं ते कळलं. बोट फाल्गुनातच बुडाली होती. पाणसुरुंग की पाणबुडी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. हा डेकवर होता, विडी ओढायला वर आलेला. तिचा नवरा खाली झोपला होता. खालच्यांपैकी कोणी वर आलं नाही. इतकंच तो सांगत होता, पुन्हा पुन्हा, जणू तो वर होता याचा जाब त्याला कोणी विचारत होतं.

सिस्टर एकदाच बोलली. "झोपला होता ना? नक्की?"

तो हो म्हणाला.

सासूबाईंनी आतून चहा पाठवला नाही, स्वतः घेऊन गेल्या. मामंजींनी त्या माणसाला जेवून जा म्हटलं, पण त्याची गाडी होती. तो गेल्यावर सिस्टर माझ्या खोलीत आली, घड्याळाकडे बघून माझी नाडी मोजली आणि म्हणाली की नाडी चांगली आहे.  मला रडायची मनाई होती, आणि तिने रडू नये म्हणून मी रडले नाही. मामंजींनी तिला टांगा करून दिला, चार दिवस येऊ नका म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर आली. झगा तोच पांढरा, बाहीला काळी फीत शिवलेली. पेटीचं नाव तिने काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. दुपारी मामंजी सवयीने खुर्ची उचलून दारापर्यंत आले आणि तशीच घेऊन परत गेले. मला सारखं वाटत होतं की तिची खबर फाल्गुनात घडली आणि ज्येष्ठात कळली. म्हणजे इतके महिने ती ज्याची वाट बघत होती ते आधीच होऊन गेलं होतं. मग माझी खबरही कुठेतरी अशीच, होऊन गेलेली, वाटेत असेल.  

त्याच आठवड्यात, दिवस भरायला अजून वेळ असताना, सकाळी जेवणं व्हायच्या आत माझ्या कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला तर त्या मुरारला कुठल्या अडलेल्या बाळंतिणीकडे गेलेल्या. मामंजी स्वतः टांगा घेऊन त्यांना आणायला निघाले. घरात सिस्टर आणि सासूबाई. बाहेर ऊन असं की पाखरू दिसत नव्हतं.

मी भ्यायले होते ते दुखण्याला नव्हे. आदल्या खेपेलाही असंच दुखलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं. कळ आली की मी श्वास कोंडून धरायची, जणू तो सोडला तर सगळंच सुटेल. सिस्टर ओरडली नाही. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि कमरेवर हळूहळू ठोके द्यायला लागली. तीनवर थोडा जोर, सहावर थोडा, मग आठ, आणि धा म्हणून ती हात सोडायची. तेवढ्यात श्वास सोडायचा, हे तिने सांगितलं नाही, मला आपोआप कळलं. कळ वाढत गेली तसं मला काही सुचेना, फक्त ती दहावी मात्रा कुठे आहे तेवढं शोधत राहिले. एकदा मी चुकले, तर सासूबाईंच्या तोंडून "धा" निघालं. त्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांना कधी पाठ झालं कोण जाणे.

मामंजी डॉक्टरीणबाईंना घेऊन आले तेव्हा मुलगी झालेली होती. मुठीएवढी, निळसर, आणि आवाज नाही. सिस्टरने तिला पालथी धरून पाठ चोळली, तोंडातलं काढलं, पुन्हा चोळली. तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मग मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी ऐकू आलं. सासूबाईंनी भिंतीला डोकं टेकलं.

मुलगी जगली, पण लगेच जगली असं म्हणता येणार नाही. कापसात गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना लावून, थेंब थेंब दूध पाजत तिला सांभाळलं. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्रावणात एकदाचं यजमानांचं कार्ड आलं. इस्पितळात आहेत, हातपाय शाबूत आहेत, एवढंच त्यात होतं. मामंजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सिस्टर समोर बसलेली आहे हे लक्षात येऊन त्यांचा आवाज खाली गेला. ती उठली, मुलीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली की चला, हिच्या बापाचे हात शाबूत आहेत.

दसऱ्यानंतर ती गोव्याला सासूकडे जायला निघाली. म्हातारीला सांगायला कोणीतरी हवं होतं. पेटी आणि तबकड्या ती घेऊन जाणार होती, ते योग्यच होतं. जायच्या आदल्या दुपारी तिने आपणहून पेटी उघडली. मामंजी खुर्ची घेऊन आले, या वेळी भिंतीकडे पाठ करून बसले. तिने एकेक तबकडी लावली आणि स्वतः मात्र बसली नाही, मुलीची दुपटी घडी करत राहिली. मामंजी समोर वाजवणारा बसलाय अशा रीतीने दाद देत होते. क्या बात है, जीते रहो. शेवटची तबकडी संपल्यावर ती म्हणाली, "त्याला हे आवडलं असतं. बोटीवर कोणी वाहवा करत नाही, नुसते नाचतात." मग तिने पेटीचं झाकण लावलं. तिचा कप मात्र खिडकीतून आमच्या फडताळात आला होता, तो सासूबाईंनी तिला धुऊन पुसून दिला. तिने तो ठेवून घ्या म्हटलं नाही. घेतला.

लढाई संपून बरेच महिने झाल्यावर यजमान परत आले. कानात सतत घूं असा आवाज येतो म्हणत. भांडं पडलं तरी दचकत. गुरुवारी मंडळी पुन्हा जमायला लागली होती, पण हे आतल्या खोलीत दार लावून बसत. मुलगी त्यांना परकी होती आणि तिला ते. मी त्यांना त्या उन्हाळ्याचं सगळं सांगितलं, मात्रा मोजून दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही. ते ऐकत होते की कानातलं घूं ऐकत होते, हेही कळायचं नाही, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधत बसायची.

एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, चल, नई सडकेवर बघू ती तबकडी मिळते का. मुलीला खांद्यावर घेतलं. तिथे एका दुकानात ग्रामोफोनच्या तबकड्या मिळत. मी दुकानदाराला स्पॅनिश गिटार म्हटलं, फ्लामेंको म्हटलं. त्याने मोठ्या खात्रीने एक तबकडी काढून लावली. तारेवर लोखंडी कांडी घसरवत वाजवतात तसली हवाई गिटार, आणि तिच्यावर सिनेमातली चाल. मी म्हटलं, हे नव्हे. तो म्हणाला, बहनजी, गिटार तो गिटार होती है. यजमान हसले. आवाज न करता, पण हसले. रियासती जाणार, नवं राज्य येणार, सगळीकडे काय काय बदलणार याच्या गोष्टी दुकानात चालल्या होत्या, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

आम्ही काही न घेता निघालो आणि फूलबागेच्या बाजूने चालत गेलो. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं इंजिन तिथून जात होतं, त्याने अचानक शिट्टी दिली. यजमानांचं अंग ताठ झालं, चेहरा पांढरा पडला. माझी नजर मुलीवर गेली. ते तिला टाकतील असं मला वाटलं, आणि मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तिला टाकलं नाही. तिचे पाय घट्ट धरून ते गाडी निघून जाईपर्यंत उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "चल, अंधार पडायच्या आत घरी जाऊ."